जीझेडडूमवर स्वतंत्र शूटर: १८० शत्रू आले की हिसके, शिवाय लायसन्स, स्प्राइट आणि मराठी फॉन्ट

खडूचा_डबा

जीझेडडूम ४.१२ वर (जुन्या 'डूम' गेमवरून निघालेलं खुलं इंजिन) स्वतंत्र शूटर बनवतोय. डूमची फाइल कुठेही लागणार नाही. मॅप, चित्रं, आवाज सगळं स्वतःचं. वाट साधारण याच इंजिनावरच्या 'हेडन' आणि 'सेलाको' या गेमांची: स्प्राइटचे (सपाट चित्रांचे) शत्रू, सेक्टरचे (जमीन-छताच्या तुकड्यांचे) मॅप, पण लाइट आणि धूर-ठिणग्या सढळ हाताने. चार ठिकाणी अडलंय.

१. तिसरा मॅप म्हणजे उघडं बंदर, भोवती गोदामं, मध्ये क्रेन. एकूण १८० शत्रू. लढाई तापली की 'स्टॅट थिंक' (गेमच्या जगाचा हिशोब करायला लागणारा वेळ) १४ मिलिसेकंद दाखवतं आणि रेंडरिंगला ९ लागतात. व्हीसिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर दाखवणं) बंद असताना फ्रेमचा काउंटर ५५ च्या आसपास, पण डोळ्यांना ३० वाटतात. व्हीसिंक चालू केलं की ६० वरून थेट ३०. प्रोसेसर जुना आय५, चार कोर, त्यातला एकच भरलेला. रेझोल्यूशन निम्मं करून पाहिलं, काही फरक नाही.

२. गेम विकायचा आहे. इंजिन जीपीएल (सोर्स उघडा ठेवायला लावणारं लायसन्स) आहे, मग माझी चित्रं आणि मॅपही सोडावे लागतील का?

३. शत्रूच्या उजव्या हातात बंदूक आहे. आरसा वापरला (एका बाजूचं चित्र उलटवून दुसऱ्या बाजूला लावलं) की ती डाव्या हातात जाते. आठही कोन वेगळे काढायचे तर चित्रं किती होतील?

४. मेनू आणि हुड (खेळताना पडद्यावर दिसणारी माहिती) मराठीत हवेत. 'शिल्लक गोळ्या' लिहिलं की वेलांटी श च्या पुढे जाऊन बसते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. फॉन्ट बदलून उपयोग झाला नाही.

टिक_पस्तीस

पहिल्या प्रश्नाचं गणित तुमच्याच आकड्यांत आहे.

डूमचं जग सेकंदाला ३५ टिकांवर (हिशोबाच्या ठोक्यांवर) चालतं. १९९३ मध्ये तसं होतं, जीझेडडूममध्येही तसंच आहे. पडद्यावर ६० किंवा १४४ फ्रेम दिसत असल्या तरी मधल्या फ्रेम दोन टिकांमधली जागा भरून काढलेल्या असतात. शत्रूचं डोकं, गोळीची चाल, दारं, स्क्रिप्ट हे सगळं टिकेवर आणि एकाच थ्रेडवर. म्हणून तीन कोर रिकामे.

आता हिशोब. ३५ टिका गुणिले १४ म्हणजे सेकंदातले ४९० मिलिसेकंद विचार करण्यात गेले. उरलेल्या ५१० मध्ये ९ च्या भावाने ५६ फ्रेम बसतात, काउंटर तेच सांगतोय. पण त्यातल्या ३५ फ्रेम २३ मिलिसेकंदांच्या आहेत आणि २१ फ्रेम ९ च्या. लांब, लांब, आखूड, लांब. सरासरी ठीक आणि चाल लंगडी, म्हणून डोळा फसत नाही.

व्हीसिंक चालू केल्यावर २३ ची फ्रेम १६.७ च्या खणात मावत नाही, पुढच्या खणापर्यंत थांबते, ३३.३ होते. तेवढ्यात पुढची टिक (२८.६ ला एक) येऊन उभी, त्यामुळे पुढची फ्रेमही जड. चक्र तिथेच अडकतं आणि ३० चिकटून बसतात. अधूनमधून एका फ्रेमवर दोन टिका येतात, तो तुमचा मोठा हिसका.

म्हणजे रेंडरिंग ९ च राहिलं तरी थिंक ५ वर आणा: ५ अधिक ९ म्हणजे १४, खणात बसलं. ७ वर थांबलात तर कागदावर बसेल, खेळताना निसटेल.

कुठे जातंय ते अंदाजाने शोधू नका. लढाईच्या मध्यावर कन्सोल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडा आणि 'प्रोफाइलथिंकर्स' चालवा. कुठल्या क्लासचे किती नग आणि त्यांना किती वेळ, हे दिसेल. शत्रू सगळ्यात वर असतील असं धरून चालू नका. बहुतेक वेळा खालचे तिघे निघतात.

पहिले, काडतुसांची रिकामी टरफलं आणि मांसाचे तुकडे. शेवटच्या स्टेटचा (ॲनिमेशनच्या पायरीचा) कालावधी उणे एक ठेवला म्हणजे ते झोपले असं वाटतं. झोपत नाहीत. ॲनिमेशन थांबतं, पण प्रत्येक टिकेला गुरुत्वाकर्षण, जमीन, टक्कर यांची तपासणी चालूच राहते. टरफल दोन-तीनदा उड्या मारून थांबलं की त्या जागी व्हिज्युअलथिंकर ठेवा आणि मूळ ॲक्टर (इंजिन टक्कर-हालचाल तपासतं ती वस्तू) डिस्ट्रॉय करा. व्हिज्युअलथिंकर ४.१२ पासूनच आहे, दिसतो पण कोणाशी टक्कर घेत नाही. धूर आणि ठिणग्या तर पहिल्यापासूनच त्यात किंवा साध्या पार्टिकलमध्ये हव्यात. ॲक्टरच ठेवायचा असेल तर निदान नोइंटरॅक्शन फ्लॅग लावा. शिवाय एका ॲरेमध्ये २०० ची मर्यादा: नवीन आलं की सगळ्यात जुनं जातं. २०० च्या पुढची टरफलं कोणी मोजत नाही.

दुसरे, झेडस्क्रिप्टमधला (इंजिनाची स्क्रिप्ट भाषा) थिंकरइटरेटर, म्हणजे जगातल्या वस्तूंची अख्खी यादी चाळणारा. 'जवळ कोणी साथीदार आहे का' हे प्रत्येक शत्रू प्रत्येक टिकेला विचारत असेल, तर १८० गुणिले १८० म्हणजे ३२,४०० तपासण्या. सेकंदाला ११ लाख ३४ हजार. आणि ही फक्त शत्रूंची मोजणी झाली. इटरेटर त्या यादीतली टरफलंही ओलांडतच पुढे जातो, क्लासचं नाव दिलं म्हणून वगळून जात नाही. फक्त जवळपासचं चाळणारा ब्लॉकथिंग्जइटरेटर घ्या, त्रिज्या ५१२ द्या. तेही दर टिकेला नको. प्रत्येक शत्रूला जन्मताना ० ते ७ मधला एक आकडा द्या आणि लेव्हलच्या वेळेला ८ ने भागून बाकी तेवढी आली तरच शोध घ्या. सगळे दर आठव्या टिकेला एकदम उठले तर त्या टिकेला हिसका परत येतो, म्हणून हे वाटप.

तिसरे, चेकसाइट, म्हणजे नजर पोचते का ही तपासणी. आधी अंतर मोजा, मग तोंड त्या दिशेला आहे का ते पाहा, आणि शेवटी नजर पोचते का ते विचारा. पुष्कळ स्क्रिप्टमध्ये हा क्रम उलटा असतो.

झेडस्क्रिप्ट फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती लिहिली आहे ना, तेही बघा. नसेल तर इंजिन ती २.३ धरतं आणि नव्या गोष्टी सापडतच नाहीत.

सेक्टर_शेजारीण

टिक_पस्तीस यांनी कोडची बाजू सांगितली. मॅपची बाजू राहिली, आणि उघड्या बंदरात ती लहान नाही.

आधी आवाज. खेळाडूने गोळी झाडली की आवाज सेक्टरमधून सेक्टरमध्ये पाण्यासारखा पसरतो. अंतराने तो कमी होत नाही. फट असेल तिथून पुढे जातो. पूर्वेच्या धक्क्यावर एक गोळी सुटली की पश्चिमेच्या गोदामातले शत्रूही जागे होतात आणि दिसत नसलेल्या खेळाडूकडे भिंतींना धडका देत निघतात. तो सगळा वेळ तुमच्या १४ मध्ये आहे. उपाय म्हणजे रेषांवर 'ब्लॉक साउंड' फ्लॅग. इथे हमखास चुकतं: एक अशी रेषा आवाज अडवत नाही. पहिली ओलांडून तो जातो, दुसरीला थांबतो. म्हणून दोन गोदामांमधल्या बोळात अशा दोन रेषा टाका, एकमेकींपासून अगदी ८ युनिटांवर (मॅपचं माप) चालतील. पूर्ण बंद दार मात्र एकटं पुरतं.

ज्यांनी दबा धरून बसायचं आहे त्यांना ॲम्बुश फ्लॅग द्या, म्हणजे आवाज ऐकूनही समोर दिसेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. आणि दुसऱ्या लाटेचे ६०-७० शत्रू आधीपासून मॅपवर कशाला? डॉर्मंट (निद्रिस्त) ठेवून १३० क्रमांकाच्या स्पेशलने (इंजिनातला तयार हुकूम) जागे करता येतात, पण त्याहून बरं म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत ते जन्मालाच घालू नयेत. नसलेल्याला टिक नसते. फक्त एकाच टिकेत ६० जन्माला घालू नका. पाच-पाचच्या गटाने, मध्ये ३-४ टिका सोडून.

आता ते ९ मिलिसेकंद. रेझोल्यूशन निम्मं करून फरक पडला नाही म्हणजे कार्ड अडलेलं नाही. बीएसपी (मॅपच्या तुकड्यांची झाडासारखी यादी) चालत कुठला सेक्टर दिसतो ते ठरवण्यात प्रोसेसर अडलाय. डूमच्या इंजिनात नजर अडवतात मुख्यतः दोन गोष्टी: एकतर्फी भिंत (जिच्यामागे सेक्टरच नाही), आणि जमीन व छत एकमेकांना टेकलेला सेक्टर, म्हणजे बंद दार. ३डी फ्लोअरने (सेक्टरच्या आत उभा केलेला ठोकळा) बांधलेली भिंत नजर अडवत नाही. स्पेशल १६० वापरून तुम्ही कंटेनरांची रांग उभी केली असेल, तर खेळाडूला समोर लोखंड दिसतं आणि इंजिन त्यामागचं अख्खं बंदर काढत बसतं. ज्या कंटेनरवर कोणी चढणार नाही आणि ज्याच्या आत कोणी शिरणार नाही, तो एकतर्फी भिंतींचा ठोकळा करा. दहातले सात-आठ तरी तसे निघतील.

गोदामांमधले बोळ सरळ न ठेवता एक काटकोनी वळण द्या. ६४ युनिटांची बगल पुरते. जुने मॅप इतके नागमोडी का असायचे, याचं अर्धं कारण हेच.

काजवा_१२८

लाइटची बाजू कोणी धरली नाही. कार्ड निवांत आहे म्हणून डायनॅमिक लाइट फुकट आहेत असं नव्हे. हललेला लाइट पुन्हा कुठल्या कुठल्या सेक्टरला आणि भिंतीला लागतो, ते प्रोसेसर ठरवतो. शत्रूच्या डोळ्यांना लाइट, प्रत्येक प्रोजेक्टाइलला (उडत्या गोळ्याला) लाइट, ठिणगीला लाइट असं केलंत तर १८० शत्रूंच्या लढाईत शंभरेक लाइट सतत हलत असतात. त्रिज्या दुप्पट केली की लागणारी जागा चौपट होते.

डोळ्यांचा लाइट काढून टाका, ब्राइटमॅप (चित्राचा कुठला भाग अंधारातही उजळ राहील ते सांगणारं चित्र) द्या. अंधारात डोळे तसेच चमकतात, खर्च जवळपास शून्य. प्रोजेक्टाइलला ६४ ची त्रिज्या बस्स. स्थिर दिव्यांना मात्र खुशाल मोठी द्या, ते हलत नाहीत.

शॅडोमॅप (लाइटच्या सावल्या) लावणार असाल तर सावली भिंतींची पडते. शत्रूची सावली जमिनीवर पडेल या आशेने त्यात शिरू नका.

पोतडी

दुसरा प्रश्न, लायसन्स. मी वकील नाही. पैशाचा मामला मोठा असेल तर वकिलाला दाखवाच.

जीपीएल लागू होतं इंजिनाला. तुमचे मॅप, स्प्राइट, आवाज, संगीत ही त्या इंजिनात चालणारी सामग्री, ती तुमचीच राहते. याच पायावर 'हेडन' २०१९ पासून विकला जातोय आणि 'सेलाको' मे २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसला आला. पूर्वी हे जमत नव्हतं, कारण जुन्या झेडडूममध्ये (जीझेडडूमचं मूळ) बिल्ड या दुसऱ्या जुन्या इंजिनातला काही कोड आणि फेमॉड ही साउंड लायब्ररी होती. ते काढल्यावर आताचं जीपीएल ३ शक्य झालं. बिल्डवरच बनलेला 'आयन फ्युरी' (२०१९) बघून कोणी बिल्डकडे वळणार असेल तर लक्षात ठेवा, केन सिल्व्हरमन यांचं बिल्डचं लायसन्स वेगळं आहे आणि परवानगीशिवाय व्यावसायिक वापराला ते चालत नाही. जीझेडडूममध्ये ती अट नाही.

बंधनं ही:

ज्याला गेमची बायनरी (चालवायची तयार फाइल) दिली त्याला इंजिनाचा सोर्स मिळाला पाहिजे, आणि तोही नेमक्या त्याच आवृत्तीचा. एक ओळ बदलली नसेल तरीसुद्धा. आपल्या बदलांसकट एक रेपॉझिटरी उघडी ठेवा, तिचा पत्ता क्रेडिटमध्ये आणि फोल्डरातल्या टेक्स्ट फाइलमध्ये टाका.

इंजिनाच्या पीके३ (फायलींची झिप गठडी) मधला झेडस्क्रिप्ट कोड उचलून त्यात बदल केलात, तर तो तुकडा जीपीएलखालीच राहतो. स्वतःचा क्लास ॲक्टरवरून काढणं वेगळं, आणि तिथली हजार ओळींची फाइल चिकटवणं वेगळं. चिकटवलेलं वेगळ्या फाइलीत ठेवा, वर लायसन्स लिहा.

स्टीमवर जाणार असाल तर स्टीमवर्क्सची लायब्ररी थेट इंजिनात जोडणं टाळा. तिचं लायसन्स बंद आहे, जीपीएलशी जमत नाही. अचिव्हमेंटशिवाय चालत असेल तर उत्तम. हव्याच असतील तर स्टीमशी बोलणारा वेगळा छोटा प्रोग्राम ठेवतात आणि इंजिन त्याला फक्त निरोप देतं.

फोल्डरात काय जाऊ नये: वाइडस्क्रीन ग्राफिक्सची पीके३. ती जुन्या गेमांची चित्रं रुंद करून बनवलेली आहे, तुमच्या गेममध्ये तिचं काही काम नाही. लाइट्स आणि ब्राइटमॅप्स नावाच्या पीके३ पण जुन्या गेमांसाठीच आहेत. गेम सपोर्टची पीके३ इंजिनाच्या लेखी ऐच्छिक आहे. ती काढून एकदा सगळे मेनू उघडून बघा, काहीच तुटलं नाही तर काढाच. मुख्य पीके३ मात्र लागतेच.

इंजिन स्वतः कंपाइल करा, हे लायसन्ससाठी नाही तरी खेळणाऱ्यांसाठी. सोर्समधल्या व्हर्जनच्या हेडर फाइलीत गेमनेम, गेमसिग आणि बेसवॅड या ओळी आहेत. त्या बदलल्या नाहीत तर तुमच्या गेमची सेटिंग आणि सेव्ह त्या माणसाच्या आधीच्या जीझेडडूमच्या फोल्डरात जाऊन पडतात. मग त्याने डूमसाठी लावलेल्या कळा तुमच्या गेममध्ये उगवतात आणि तक्रार तुमच्याकडे येते.

तुमची मुख्य फाइल आयपीके३ या एक्स्टेंशनची करा आणि आत आयवॅडइन्फो (गेमची ओळख सांगणारी फाइल) ठेवा, म्हणजे इंजिन तिला स्वतंत्र गेम म्हणून ओळखतं. प्लेपॅल (रंगांचा पॅलेट: २५६ रंग, रंगाला ३ बाइट, म्हणजे ७६८) आणि कलरमॅप (अंधार-उजेडाप्रमाणे रंग बदलणारे ३४ तक्ते, एकूण ८,७०४ बाइट) हेही स्वतःचे हवेत. डूममधून आणलेला पॅलेट ठेवू नका, स्लेड या एडिटरमध्ये नवा बनवायला तासभर लागतो.

तात्पुरत्या चित्रांसाठी फ्रीडूम (डूमच्या जागी वापरायची मुक्त सामग्री) वापरता येतं. त्याचं लायसन्स बीएसडी धर्तीचं आहे, श्रेय दिलं की झालं.

आरसेमहाल

स्प्राइटचं सांगतो. चाल ४ फ्रेम, हल्ला ३, मार खाणं १, मरण ६ असं धरू. मरणाला एकच कोन पुरतो, नावात शेवटी ० लिहायचा.

आरसा वापरून कोन ५ (समोर, तिरपा, बाजू, मागून तिरपा, मागून): ८ गुणिले ५ अधिक ६ म्हणजे ४६ चित्रं.
आठही वेगळे: ८ गुणिले ८ अधिक ६ म्हणजे ७०.
सहा जातींचे शत्रू असतील तर २७६ विरुद्ध ४२०.

मधला रस्ता असा. फक्त चाल आठ कोनांत काढा (३२), हल्ला आणि मार आरशात ठेवा (२०), मरण ६. एकूण ५८. हल्ला करताना शत्रू तुमच्याकडेच तोंड करून असतो, म्हणजे तुम्हाला जवळपास कायम पहिलाच कोन दिसतो. बंदूक हात बदलते ते शत्रू आपसात भांडतात तेव्हाच. तेवढं कोणी बघत नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली बंदूक काढलीत तर तोही प्रश्न मिटतो.

ब्लेंडरमधून रेंडर करत असाल तर तीन खड्डे आहेत.

एक, डूमचा पिक्सेल चौकोनी नाही, रुंदीच्या १.२ पट उंच आहे. चौकोनी पिक्सेलचं रेंडर तसंच टाकलं की शत्रू उभे ताणलेले दिसतात. एकतर चित्राची उंची ८३.३ टक्क्यांवर आणा, नाहीतर मॅपइन्फो या मॅपच्या सेटिंगच्या फाइलीत पिक्सेलरेशो १ करा. दुसरा मार्ग घेतलात तर सगळ्या भिंतीही बुटक्या होतात, म्हणून तो मॅप बांधायच्या आधीचा निर्णय आहे. तीन मॅप झालेत म्हणताय, तेव्हा चित्रंच दाबा.

दोन, कडांचे अर्धपारदर्शक पिक्सेल. मोठ्या चित्रात छान दिसतात. टेक्स्चर फिल्टर बंद असताना मात्र शत्रूभोवती मळकट किनार उमटते. अल्फाला (पिक्सेलच्या अपारदर्शकतेला) सरळ कात्री लावा: निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य.

तीन, ऑफसेट, म्हणजे चित्राचा कुठला बिंदू शत्रूच्या जागेवर बसेल ते. स्लेडने आपोआप लावलेला ऑफसेट चित्राच्या रुंदीचा मध्य धरतो. हात पसरलेल्या फ्रेममध्ये हा मध्य धडावरून सरकतो आणि शत्रू जागच्या जागी झुलतो. सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या कॅनव्हासवर, समजा १२८ बाय १२८, रेंडर करा. सगळ्यांना एकच ऑफसेट द्या आणि त्यानंतर कडा छाटा. डावीकडून जेवढे पिक्सेल छाटले तेवढे आडव्या ऑफसेटमधून वजा, वरून छाटले तेवढे उभ्यातून.

फिल्टर बंद, हे पहिल्यांदा गेम उघडतानाच असायला हवं. खेळणाऱ्याला मेनूत शोधायला लावू नका. आयपीके३ मध्ये डेफसीव्हार्स नावाचा लंप (आतली फाइल) ठेवून सुरुवातीच्या सेटिंग देता येतात.

अर्धा_र

चौथा प्रश्न. फॉन्ट बदलून काही होणार नाही, कारण दोष फॉन्टचा नाही. जीझेडडूम युनिकोड वाचतं, पण एका कोडपॉइंटला (युनिकोडमधल्या एका चिन्हाच्या क्रमांकाला) एक चित्र या हिशोबाने डावीकडून उजवीकडे ठेवत जातं. अक्षरजुळणी करणारं शेपिंग त्यात नाही. रशियन, ग्रीक, जपानी अशाच चालतात, देवनागरी चालत नाही. 'शिल्लक गोळ्या'चे कोडपॉइंट १२ आहेत (मधली रिकामी जागा सोडून): श, वेलांटी, ल, हलन्त, ल, क आणि पुढचे सहा. इंजिन ते बाराही इमानदारीने एकापुढे एक मांडतं.

पण अक्षरं पाचच आहेत: शि, ल्ल, क, गो, ळ्या. मग जुळणी इंजिनाच्या बाहेर करून घ्यायची.

गेममधला सगळा मराठी मजकूर एका तक्त्यात नेहमीसारखा लिहा. पायथनची एक छोटी स्क्रिप्ट त्यातून वेगवेगळी जोडाक्षरं काढते, प्रत्येकाला युनिकोडच्या खासगी पट्ट्यातला एक क्रमांक देते (पट्टा ई००० पासून सुरू होतो) आणि त्या अक्षराचं पीएनजी बनवते. पीएनजी फॉन्ट्स फोल्डरात, फॉन्टच्या नावाच्या उपफोल्डरात, त्या क्रमांकाच्या नावाने जातं. मग मजकूरही त्याच क्रमांकांत बदलून लँग्वेजच्या लंपमध्ये लिहायचा. ही बदललेली फाइल हाताने कधी दुरुस्त करू नका, मूळ तक्ता बदलून स्क्रिप्ट पुन्हा चालवा.

अडतं ते इथे:

युनिकोडचे अक्षर तोडायचे नियम आवृत्ती १५.१ च्या आधी हलन्तानंतर तोडत होते. लायब्ररी जुनी असेल तर 'ल्ल'चे 'ल्' आणि 'ल' असे दोन तुकडे देईल. हलन्तानंतर व्यंजन आलं तर जोडा, ही एक ओळ स्वतः घाला.

चित्र पिलोने (पायथनची चित्रांची लायब्ररी) काढत असाल तर त्यात राक्म हे शेपिंग करणारं लेआउट चालू आहे का ते तपासा. साधं लेआउट शेपिंग करत नाही, म्हणजे इंजिनातला घोळ तुम्ही आता पीएनजीत छापून ठेवाल.

शिरोरेखा. प्रत्येक चित्रात ती डाव्या आणि उजव्या काठापर्यंत पोचलेली हवी, आणि फॉन्टच्या इन्फ फाइलीत केर्निंग (अक्षरांमधलं अंतर) ० हवं. एक पिक्सेल जरी सुटला तरी शब्द दातेरी दिसतो. सगळ्या चित्रांची उंची सारखी ठेवा, नाहीतर रेघ पायऱ्या चढते.

उंची. रोमन अक्षर ८ पिक्सेलमध्ये भागतं. देवनागरीला वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार, म्हणून १६ च्या खाली जाऊ नका. हुडमध्ये तेवढी जागा नसेल तर शब्दांऐवजी चिन्ह आणि आकडा ठेवा. ०१२३ हे अंक तर सुटेच आहेत, त्यांना यातलं काहीच लागत नाही.

'मुक्त' किंवा 'नोटो' हा देवनागरी फॉन्ट घेतलात तर लायसन्सचा प्रश्न नाही. फक्त या मापाला 'मुक्त'च्या जाड वजनाचा 'ष्ट' बुजतो, मधलं वजन घ्या.

खडूचा_डबा

'प्रोफाइलथिंकर्स' चालवलं. सगळ्यात वर टरफलं: १,९०० च्या वर नग. दुसऱ्या क्रमांकावर शत्रू, आणि त्यात साथीदार शोधणारा इटरेटर दर टिकेला. टरफलांना २०० ची मर्यादा घातली, शोध आठव्या टिकेवर नेला, डोळ्यांचे लाइट काढले. थिंक १४ वरून ६. सेक्टर_शेजारीण ताईंचं आवाजाचं खरं निघालं, सगळ्या बोळांत एकेकच रेषा होती. दुसरी टाकल्यावर थिंक ४.५ ते ५.

कंटेनरांतले २२ एकतर्फी ठोकळे केले, जमिनीवर रेंडरिंग आता ६. व्हीसिंक चालू ठेवून ६० टिकतात.

फक्त क्रेनच्या केबिनमध्ये चढलं की रेंडरिंग १२. तिथून अख्खं बंदर दिसतं आणि तो मॅपचा शेवट आहे, काढता येत नाही. वळण तरी कुठे देऊ?

सेक्टर_शेजारीण

वळण नको, केबिन फिरवा. काच बंदराकडे आहे ती समुद्राकडे करा आणि बंदराच्या बाजूला एकतर्फी भिंत घ्या. समुद्राच्या टोकाच्या रेषेला स्पेशल ९, लाइन होरायझन, लावा. पाणी क्षितिजापर्यंत जातं आणि सेक्टर एकच लागतो.

बंदर वरून दाखवायचंच असेल तर भिंतीला ३२ युनिटांची एक उभी फट ठेवा. इंजिन तेवढ्याच कोनातलं काढतं. फटीची दिशा नेमकी मोठ्या गोदामाच्या पाठीवर ठेवलीत तर मागचे धक्के तेच गोदाम झाकेल. पण त्याची भिंत ३डी फ्लोअरची नाही ना, ते आधी बघा.